गुडघ्याच्या मापाची टोपी

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी टेप वापरली नाही, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. टेप शिंप्यांसाठी, असं त्या म्हणायच्या. म्हणजे माणूस समोर उभा असूनही ज्यांना तो दिसत नाही त्यांच्यासाठी. सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळांसाठी त्या फुकट टोप्या विणायच्या. गल्लीत त्यांना सगळे टोपीवाल्या आजी म्हणायचे, मी आई म्हणते. आणि बाळाच्या डोक्याचं माप त्या माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यावरून घ्यायच्या.

डोळे चोळू नका, मी गुडघाच म्हणाले.

त्याचं असं झालं. माझा नवरा जन्मला तो ऐन थंडीत. आईंनी त्याच्यासाठी पिवळी टोपी विणली, पण पोर रडून रडून नुकतंच झोपलं होतं आणि त्याच्या डोक्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. शेजारी बाबा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर, पायजमा वर सरकलेला. आईंनी टोपी त्यांच्या गुडघ्यावर चढवून बघितली. मग पोर उठल्यावर त्याच्या डोक्यावर घातली. दोन्हीकडे अगदी बेतशीर बसली. बाबा पहिल्यापासून काटकुळे आणि माझ्या नवऱ्याचं डोकं पहिल्यापासून जसं आहे तसं, त्यामुळे हा योग जुळून आला. त्या दिवसापासून बाबांचा उजवा गुडघा घरकामातून मोकळा झाला आणि विणकामाला लागला.

लग्नाआधी मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा दार उघडंच होतं. समोर माझे होणारे सासरे एक पाय उघडा टाकून बसलेले, गुडघ्यावर गुलाबी टोपी, टोपीला पांढरा गोंडा. ते उठले नाहीत. म्हणाले, "ये, बस. मला हलता येत नाही, गोंडा शिवायचाय." गुडघ्याला बाशिंग बांधलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती, त्यांतलाच एक माझ्याबरोबर आला होता, पण गुडघ्याला टोपी मी पहिल्यांदाच पाहत होते. तरीही मी या घरात आले, यावरून माझी त्या वेळची अवस्था ओळखा.

बाबांनी सगळी नोकरी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेली, त्यामुळे न हलता बसणं त्यांच्या अंगात मुरलेलं. रोज संध्याकाळी ते पायजमा वर करायचे, पाय स्टुलावर ठेवायचे आणि पेपर उघडायचे. आई विणलेली पट्टी गुडघ्याभोवती गुंडाळून बघायच्या. दोन टोकं भेटली की माप झालं. मग पट्टी शिवून टोपी व्हायची, ती गुडघ्यावर चढायची आणि तिथेच तिला गोंडा लागायचा. गुडघ्यावरचे केस लोकरीत अडकतात म्हणून बाबा रोज सकाळी दाढीबरोबर गुडघाही करायचे. डावा गुडघा थोडा बारीक होता. तो जुळ्यांसाठी आणि दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळांसाठी. विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस एकदा हे सगळं बघून आकडा न घेताच परत गेला.

टोप्यांची पिशवी दवाखान्यात काम करणारी आमच्या गल्लीतली एक मावशी घेऊन जायची. आई स्वतः कधी तिकडे गेल्या नाहीत. दिलेल्या वस्तूच्या मागे मागे जायचं नसतं, असं त्यांचं मत होतं, आणि आईंचं मत म्हणजे घरातली भिंत. तिच्यावर डोकं आपटता येतं, ती हलत नाही.

मग बाबांचा गुडघा दुखायला लागला.

एकदम नाही. आधी जिना चढताना, मग उतरताना, मग नुसतं बसून. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानासमोर एक बाकडं आहे. तिथे बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल मत देणं हा बाबांचा निवृत्तीनंतरचा खरा उद्योग होता. तो बंद पडला. न्हावी भला माणूस, केस कापायला वर यायचा आणि सगळ्या बातम्या सांगायचा. बाबा ऐकून घ्यायचे. तो गेल्यावर म्हणायचे, "बातमी जिना चढून आली की शिळी होते गं." मग खिडकीतून बाकडं दिसतंय का बघायचे. ते दिसत नाही, मध्ये झाड आहे. हे त्यांना माहीत होतं, तरी ते रोज बघायचे, आणि मला ते बघवत नसे.

हाडांच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं की उजवा गुडघा बदला, जिना काय, डोंगर चढाल. बाबा तयार होते. आईच म्हणाल्या, थंडी जाऊ दे, आत्ता बाळांना टोप्या लागतात. थंडी गेली. म्हणाल्या, आता थंडी येईल, साठा करायला हवा. मी म्हटलं, "आई, बाळं टोपीवाचून जन्मतात, तशीच यायची पद्धत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नवा गुडघा कसला निघेल कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "जुना हाताखालचा आहे."

"पण तो बाबांचा आहे ना?"

"मग मी कुठे माझा म्हणतेय?"

नवऱ्याला मध्ये घातलं तर तो म्हणाला, "बघू." हा त्याचा आवडता शब्द. आमच्या लग्नाच्या वेळीही तो हेच म्हणाला होता, बघावं मलाच लागलं. कुणाची अक्कल गुडघ्यात असते असं आपण म्हणतो. आमचं अख्खं घरच एका गुडघ्यावर उभं होतं आणि त्याला सूज आली होती. मी चिडून दोन दिवस कुणाशी बोलले नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून परत बोलायला लागले.

खरं सांगायचं तर आई टोप्यांच्या आड लपत होत्या. त्यांना ऑपरेशनची धास्ती होती. एकदा स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "भूल दिल्यावर माणूस उठतोच असं आहे का?" मी काही बोलायच्या आत लगेच म्हणाल्या, "आणि हल्लीची लोकर बघितलीस? आखडते."

लोकरीचं हे रडगाणं जुनंच. पट्टीची टोकं पूर्वीसारखी भेटत नाहीत, पूर्वीइतके टाके पुरत नाहीत, दर हिवाळ्याला वाढवावे लागतात. याचा अर्थ आईंनी असा काढला की लोकरवाला फसवतो. त्यावरून त्या भर दुकानात त्याला वाट्टेल ते बोलून आल्या होत्या. बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. माणूस चूक नसताना इतका गप्प का बसतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

शेवटी एक दिवस मीच मनावर घेतलं. नवऱ्याला आणि न्हाव्याला बोलावलं, बाबांना खुर्चीसकट उचलायला लावलं आणि टॅक्सी दारात उभी केली. बाबा जिन्यावरून उतरताना दोन्ही बाजूंना बघून मान हलवत होते, जणू मिरवणूकच निघाली आहे. बाकड्यासमोर त्यांनी टॅक्सी थांबवायला लावली. उतरले नाहीत, नुसतं काच खाली करून बघितलं. म्हणाले, "रंग दिलाय वाटतं." आई पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या.

सरकारी दवाखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने सलाम ठोकला. चांगला मिशाळ, धिप्पाड माणूस, आणि डोक्यावर आकाशी रंगाची लोकरीची टोपी, वर गोंडा. मला तो गोंडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. आई म्हणाल्या, "कुणीतरी आपली नक्कल करतंय."

इथले हाडांचे डॉक्टर तरुण होते, स्वभावाने गोड. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, फोटो दिव्यासमोर धरला आणि ऑपरेशनचं सगळं समजावून सांगितलं. काही विचारायचंय का, म्हणाले. बाबांनी विचारलं, "बाकड्यावर कधी बसता येईल?" डॉक्टरांना वाटलं हा कुठला तरी व्यायाम आहे. मग आई पुढे सरकल्या.

"नवा गुडघा याच मापाचा मिळेल का?"

डॉक्टर खूश झाले. "फार चांगला प्रश्न विचारलात, आजी. सगळ्या मापांचे येतात. हाड बघूनच बसवतो आम्ही."

"हाडाचं नाही हो, बाहेरून. ही बसली पाहिजे." आणि आईंनी पिशवीतून ताजी टोपी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी टोपीकडे पाहिलं, मग बाबांच्या गुडघ्याकडे, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या हातांच्या हाडांचं चित्र वाचायला लागले.

"ही कुणाची?"

"बाळाची. आजच जन्मलेल्या."

डॉक्टरांनी टोपी उचलली, दोन्ही हातांनी जरा ताणली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. बसली. कानांवरूनसुद्धा नीट आली. त्यांनी तशीच टोपी घालून विचारलं, "बाळ जरा अंगाने जास्त नाही का, आजी?"

मग डॉक्टरच म्हणाले, अगदी सहज, की गुडघ्याला सूज केवढी आहे ते बघा. ही काही आजची नाही, वर्षानुवर्षं चढत आलेली आहे. ऑपरेशन होऊन ती उतरली की गुडघा निम्मा दिसेल. त्यांनी टोपी काढून आईंच्या हातात दिली.

आई उठल्या. "बाळंतिणींचा वॉर्ड कुठे आहे?" एवढंच विचारलं आणि चालायला लागल्या. मी बाबांची चाकाची खुर्ची ढकलत मागे. बाबांचा पायजमा खाली करायचा राहूनच गेला होता, त्यामुळे येणारीजाणारी माणसं वळून बघत होती. नवरा औषधं आणायला गेला होता, तो नेहमीप्रमाणे महत्त्वाच्या वेळी नव्हता.

वॉर्डात शिरताच पहिली टोपी दिसली ती चहाच्या किटलीवर. दुसरी मोठ्या सिस्टरच्या डोक्यावर. तिसरी फरशी पुसणाऱ्या माणसाच्या. बाळांच्या डोक्यांना साधी कापडं गुंडाळलेली होती. एकाच बाळाला आईंची टोपी घातली होती, ती कडा दुमडून दुमडून भाकरीच्या चवडीसारखी जाड झाली होती आणि तरीही नाकापर्यंत आली होती. बाळ आत शांत झोपलं होतं, त्याला वाटत असावं अजून बाहेर यायचंच आहे.

मोठ्या सिस्टरने आईंना ओळखलं नाही, पण पिशवी ओळखली. चेहरा पडला तिचा. मग खुर्ची दिली आणि खरं काय ते सांगितलं.

"सुरुवातीला अगदी बरोबर यायच्या हो, आजी. मग थोड्या सैल यायला लागल्या. आम्ही म्हटलं, वाढतं अंग आहे, आजींनी विचार करून केलं असेल. मग आणखी मोठ्या आल्या, तेव्हा वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या वॉर्डात दिल्या. मग तिथेही मोठ्या व्हायला लागल्या, तेव्हा शाळेतल्या मुलांना दिल्या. मग स्टाफला. आता या हिवाळ्यातल्या टोप्या पहारेकऱ्यांना बसतात."

म्हणजे आईंच्या टोप्यांना दर थंडीत बढती मिळत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"मग सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"कसं सांगणार? इतकं चांगलं विणतात. आणि पहारेकरी वाट बघत असतात." मग सिस्टर जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, आजींना आता दिसत नसेल नीट."

हे मात्र लागलं. आई पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसल्या. मला वाटलं, आता लोकरवाल्यावर घसरतील, नाहीतर पिशवी नेणाऱ्या मावशीवर. मी तयारीतच होते. पण त्या बाबांच्या उघड्या गुडघ्याकडे बघत होत्या. रोज बघत होत्या तोच गुडघा, पण आता टोपीवाचून. तो खरंच केवढा झाला होता. चकाकत होता आणि एका बाजूने निळसर पडला होता.

"रोज हात लावत होते मी," त्या म्हणाल्या. "रोज. आणि मला लोकर आखडलेली दिसली."

त्यांनी बोटांनी सूज चाचपली.

"टोपी ओढताना दुखायचं का?"

"थोडं."

"मग बोलायचं नाही?"

बाबांनी जरा विचार केला. तोंड खोललेलं घड्याळ बंद करण्याआधी करत असतील तसा. मग म्हणाले, "बोललो असतो, तर तू टेप आणली असतीस."

आईंनी पदर डोळ्यांना लावला. मी चाकाच्या खुर्चीचा ब्रेक बघायला लागले, कारण मलाही काही दिसेना. इतकी वर्षं मी समजत होते की बाबा बिचारे अडकून पडले आहेत. हा माणूस मजेत होता. रोज संध्याकाळी बायको जवळ येऊन बसते, गुडघ्याला हात लावते, आपल्याकडे निरखून बघते. एवढ्यासाठी तो दुखणं सोसून गप्प बसला होता. आणि ती निरखून बघत होती टोपीकडे. मला दोघांचाही राग आला आणि दोघांवर मायाही आली, एकदमच.

आई उठून परत डॉक्टरांकडे गेल्या. "लवकरातली लवकर तारीख द्या," म्हणाल्या. "आणि मापाचं विसरा."

त्याच दिवशी त्यांनी विणकाम सोडलं. कुणाला न सांगता, न रुसता. टोपीचे शेवटचे टाके बंद करतो तसं. सुया स्वयंपाकघरातल्या खणात गेल्या, कालथ्याशेजारी. उरलेली लोकर घेऊन त्या लोकरवाल्याकडे गेल्या आणि चक्क माफी मागितली. तेव्हा उलगडा झाला की त्याने आईंचं बोलणं खरं मानून माल पाठवणाऱ्याशी भांडण काढलं होतं आणि नवा माल आणायला दुसरा माणूस शोधला होता. आता त्याला त्या पहिल्याची माफी मागायची होती. ही साखळी पुढे कुठवर गेली ते मी विचारलं नाही.

दवाखान्यातून मात्र विनवण्या सुरू झाल्या. सिस्टरने पिशवीवाल्या मावशीच्या हाती नवी कोरी टेप पाठवली. आईंनी ती माझ्या हातात दिली. "टेपला टोपी घालून बघता येत नाही," म्हणाल्या. मग एक दिवस तो मिशाळ पहारेकरी स्वतः तीन मजले चढून आला. त्याच्या भावाला एक हवी होती, शक्यतो लाल. आईंनी त्याला चहा दिला आणि विणणं सोडल्याचं सांगितलं. तो इतका हिरमुसला की मी त्याला बिस्किटांचा पुडा दिला. जाताना त्याने बाबांच्या गुडघ्याकडे आदराने पाहिलं.

ऑपरेशनच्या सकाळी एक नर्स वस्तरा घेऊन गुडघ्याचे केस काढायला आली आणि थबकली. "हे कुणी केलं?" बाबा म्हणाले, "सवय आहे." तिने वस्तरा परत ठेवून दिला. आई दिवसभर बाहेर बसून होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे होते. त्यांनी माझ्या ओढणीच्या काठाला इतक्या गाठी मारल्या की ती ओढणी पुन्हा काही उलगडली नाही. भूल उतरल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि आधी आईंकडे पाहिलं, मग पायाकडे. "गोंडा लावलास का?" म्हणाले. अर्धवट शुद्धीत होते, असं डॉक्टर म्हणाले. मला तसं वाटत नाही.

सूज उतरत गेली. एका संध्याकाळी बाबा जुन्या खुर्चीत बसले, सवयीने पायजमा वर केला आणि पाय स्टुलावर ठेवला. गुडघ्यावर उभी लांब खूण, बाकी सगळं लहान, सुबक. आई उठल्या आणि कपाटातून ती पहिली पिवळी टोपी घेऊन आल्या, माझ्या नवऱ्याची. गुडघ्यावर घातली. अगदी बेतशीर बसली.

आम्ही सगळे बघत राहिलो. नवऱ्याचे डोळे चमकले. "आई, माप परत मिळालं. आता कर सुरू." बाबांनीही मान वर करून आईंकडे आशेने पाहिलं, आणि पाय स्टुलावर जरा नीट ठेवला.

आईंनी टोपी काढली, खुणेवरून अलगद हात फिरवला, टोपीची घडी घातली.

"पाय खाली घ्या," त्या म्हणाल्या. "चपला घाला. हा चालायचा गुडघा आहे."

बाबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं. मग पायजमा खाली केला. माझ्या नवऱ्याने बरोबर येऊ का विचारलं, तर आई म्हणाल्या, "बघू," आणि दार ओढून घेतलं.

मी जिन्याच्या कठड्यावरून ऐकत उभी राहिले. दर पायरीला आईंचा आवाज येत होता, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. "दुखतोय का?" आणि बाबांचं, "नाही." पुन्हा पायरी, पुन्हा "दुखतोय का?", पुन्हा "नाही." दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि बंद झालं. मग वळणावर बाबा म्हणाले, "थोडा."

चपलांचा आवाज थांबला. मग आईंचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू.

"बरं झालं सांगितलंत. टेका जरा, घाई नाही."